वाकलं की तोंड भरून येतं

डेअरीवरून धनश्री परत आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि गोठ्यातलं शेण तसंच पडलेलं होतं.

ती दाराशी उभी राहून बघत राहिली. पहाटे पाचला उठून तिने दोन्ही गायींच्या धारा काढल्या होत्या, कॅन गाडीला अडकवून गावात नेले होते आणि तिथेच फॅटच्या मशीनपुढं दोन तास बसून साऱ्या गावाच्या दुधाचे नमुने तपासले होते. संध्याकाळी पुन्हा हेच. मधल्या वेळात स्वयंपाक, धुणं, गवत. कमरेचा काटा ढिला झाल्यासारखं वाटायचं. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारणारं कोणी नव्हतं. नवरा रामहरी टेम्पोवर. नगरकडच्या कर्जत भागातली लिंबं पुण्याला पोचवायची, तिकडून मिळेल तो माल घेऊन यायचं. आठवड्यातले दोन दिवस घरी, तेही झोपेत.

सासू, बायडाबाई, ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. पुढ्यातल्या सुपात मटकी होती आणि त्या एकेक दाणा निवडत होत्या.

"आत्याबाई, शेण राहिलं वाटतं."

"वाकलं की तोंड भरून येतं गं," बायडाबाई म्हणाल्या. "डोकं गच्च होतं. दोनदा गेल्ते, परत आले."

 धनश्रीने पाटी उचलली आणि ती गोठ्यात गेली. हे वाक्य ती तीन महिन्यांपासून ऐकत होती.

बायडाबाई पूर्वी अशा नव्हत्या. चौसष्टाव्या वर्षीही दोन्ही गायींच्या धारा त्याच काढायच्या, सुनेला गोठ्यात फिरकूसुद्धा द्यायच्या नाहीत. मग गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या दोनदा चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्यांदा तर पाणी तापवायच्या चुलीजवळच. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की हृदयाचे ठोके मधेच थांबतात. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढं मशीन बसवलं. दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, असं सांगितलं. बायडाबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की वेणीसुद्धा धनश्रीच घालायची.

दीड महिना संपला. त्या पुन्हा कामाला लागल्या. चक्कर यायची थांबली होती. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण उन्हाळा लागला तसं हे नवीन सुरू झालं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, दुपारपर्यंत ओसरायचा. मग दुपारपर्यंतही ओसरेना. झोपताना पाठीमागे दोन उशा लागायला लागल्या. आणि वाकायचं म्हटलं की नकार.

गावातले डॉक्टर कल्याण यांनी दोनदा तपासलं होतं. बीपी जरा वर होतं. मीठ बंद केलं, लघवीच्या गोळ्या दिल्या, किडनीच्या तपासण्या करून घेतल्या. तपासण्या चांगल्या आल्या. "वय झालंय," डॉक्टर म्हणाले. "वजन वाढलं असेल. हात-पाय हलवत राहा, आजी."

रामहरी त्या वेळी घरी होता. रात्री जेवताना तो म्हणाला, "आईला बसायची सवय लागलीय. ऑपरेशनपासून तू सगळं हातात द्यायला लागलीस, म्हणून."

तो काही रागाने बोलला नव्हता. पण धनश्रीच्या मनात ते वाक्य राहिलं, आणि दिवसेंदिवस तिला ते खरं वाटायला लागलं. मटकी निवडणं जमतं. शेजारणीशी बोलणं जमतं. टीव्ही बघणं जमतं. शेण काढणं, झाडणं, धार काढणं तेवढं जमत नाही.

आषाढातली गोष्ट. एके सकाळी फॅटचं मशीन बिघडलं म्हणून डेअरीवर तिला बोलणी खावी लागली. घरी आली तर अंगणात कचरा, खरकटी भांडी तशीच. बायडाबाई त्याच खांबाला टेकून.

"वाकायचं सोडून बाकी सगळं जमतं तुमाला, आत्याबाई," ती बोलून गेली.

बायडाबाईंनी वर बघितलं. त्यांनी मान डोलावली. हल्ली घोगऱ्या झालेल्या आवाजात म्हणाल्या, "व्हय. बराबर हाय तुजं."

एवढंच. धनश्रीला वाटलं होतं भांडण होईल. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती पाचला उठली तर बायडाबाईंचं अंथरूण रिकामं. गोठ्यातला दिवा लागलेला होता. ती तोंडही न धुता तिकडे गेली. एका गायीखाली बादली होती, तळाला थोडं दूध होतं. बायडाबाई गव्हाणीला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या, पाय पसरून, डोळे मिटून. चेहरा बघून धनश्री त्यांच्यापुढं उकिडवी बसली. तो सुजलेला तर होताच, पण त्याचा रंग वेगळाच होता, पिकून काळ्या झालेल्या जांभळासारखा. ओठसुद्धा तसेच.

"आत्याबाई? आत्याबाई, मशीन बंद पडलं का काय?"

"न्हाई गं. दम घिऊ दे," बायडाबाई म्हणाल्या. "वाकले नं. आता बसलीय, उतरंल."

आणि खरंच, पाच-दहा मिनिटांत रंग उतरत गेला. धनश्री बघत होती. जसजशा त्या ताठ बसल्या, तसतसा चेहरा निवळला. तिने नाडी बघितली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ठोके एकसारखे पडत होते.

तिने त्यांना उठवून न्हाणीत नेलं. पोलक्याची बटणं काढायला हात लावला तेव्हा डाव्या बाहीची शिवण उसवलेली दिसली. उसवली नव्हती, उसवून घेतली होती. ब्लेडने, नीट, एकेक टाका.

"हे कधी केलं?"

"लई झालं. हातच शिरंना त्यात."

"मला का नाही सांगितलं?"

बायडाबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला. "काय काय सांगायचं," त्या म्हणाल्या.

पोलकं उतरलं. मशीनच्या उंचवट्याभोवती, डाव्या खांद्यावरून, छातीवरून आणि पार पोटाकडे निळ्या शिरा उतरल्या होत्या. जाड, वेड्यावाकड्या, एकीतून दुसरी फुटलेल्या. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा बसल्या जागीच दोरासारख्या टरारून होत्या. डावा हात उजव्यापेक्षा उघड जाड होता. ऑपरेशननंतर दीड महिना तिनेच यांना आंघोळ घातली होती. तेव्हा यातलं काहीही नव्हतं.

पाय धुताना ती पुन्हा थांबली. पाय नेहमीसारखेच होते, बारीक, घोट्याची हाडं वर आलेली. तिने अंगठ्याने नडगीवर दाबून बघितलं, डॉक्टर दाबतात तसं. खळगा पडला नाही. मग ही सूज कसली? वरच्या अर्ध्या अंगाला आहे आणि खालच्या अर्ध्याला नाही, अशी सूज तिने कुणाची बघितली नव्हती.

डेअरीवर जाऊन आल्यावर तिने डॉक्टर कल्याणना फोन करून शिरांचं सांगितलं. त्यांनी शिरा कुठं कुठं आहेत ते पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. जिथं मशीन बसवलं तिथं न्या. आजच न्या." नगरच्या दवाखान्यात फोन लावला तर तिकडच्या मुलीने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. रामहरी पुण्यात माल उतरवत होता. "मी उद्या संध्याकाळी येतो, परवा जाऊ," तो म्हणाला.

"तुम्ही संध्याकाळपर्यंत घरी या आणि गायी बघा," धनश्री म्हणाली. "मी आत्ता निघतेय."

शेजारणीला गायींचं चारापाणी सांगून ती दहाच्या एसटीने निघाली. गाडी भरलेली होती. एका पोराने उठून बायडाबाईंना जागा दिली. मिरजगावपर्यंत धनश्री उभीच होती, मग बसायला मिळालं. खड्ड्यांनी डोकं हलत होतं, तरी तिला सारखी डुलकी लागत होती, आणि प्रत्येक डुलकीतून ती दचकून उठून सासूच्या तोंडाकडे बघत होती. बायडाबाई खिडकीच्या दांडीला धरून ताठ बसून होत्या. पाठ टेकत नव्हत्या.

नगरला माळीवाडा स्टँडवर उतरून रिक्षा केली. दवाखान्यात तारीख नसल्यामुळे शेवटचा नंबर लागला. साडेतीन तास दोघी बाकावर बसल्या. बरोबरची भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. आधी एका तंत्रज्ञाने खांद्यावर चकती ठेवून कॉम्प्युटरवर मशीन तपासलं.

"मशीन एकदम ओके आहे. बॅटरी भरपूर आहे. तारांचं पण ठीक आहे," तो म्हणाला. "काळजी करू नका."

मग आत बोलावणं आलं. डॉक्टर अमृत काळोखे. त्यांनीच मशीन बसवलं होतं. पन्नाशीचे असतील. डोळ्यांखाली काळं, समोर थंड झालेला चहा. त्यांनी तंत्रज्ञाचा कागद बघितला, बीपी बघितलं, पदराच्या वरूनच छाती ऐकली.

"मशीन उत्तम आहे. चेहऱ्याला थोडी सूज आहे, किडनीची तपासणी करून घेऊ."

"केलीय, साहेब," धनश्रीने पिशवीतून कागद काढले. "चांगली आलीय."

"मग गोळी बदलून देतो. पंधरा दिवसांनी दाखवा." ते लिहायला लागले.

बायडाबाई उठल्या. धनश्री उठली नाही. ती इतकी थकली होती की उठायचं बळ नव्हतं, आणि हे असंच घेऊन परत जायचं, पुन्हा तोच गोठा, तोच चेहरा, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

"साहेब, पायाला सूज नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "काय म्हणालात?"

"गोळ्या सूज उतरायच्या देताय. पण पायाला सूजच नाही. तोंडाला, मानेला आणि हाताला आहे. त्यातही डाव्या हाताला जास्त. वाकल्या की काळ्यानिळ्या पडतात, बसल्या की उतरतं. आणि छातीवर शिरा आल्यात. मशीन बसवलं तेव्हा नव्हत्या. मीच आंघोळ घालत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, जरा इकडं बसा. पदर बाजूला घ्या."

त्यांनी नर्सला आत बोलावलं, पडदा ओढला. बराच वेळ ते नुसतं बघत होते. मग दोन्ही दंडांना टेप लावून माप घेतलं. गळ्याच्या शिरा बघितल्या. पायावर दाबून बघितलं.

"आता दोन्ही हात वर करा, आजी. डोक्याच्या वर. करू शकता, आता भीती नाही. असेच धरा."

बायडाबाईंनी हात वर केले. धनश्री चेहऱ्याकडे बघत होती. डॉक्टरही बघत होते. मिनिटभरातच गाल तांबारले, मग जांभळे झाले, डोळे पाणावले, गळ्याच्या शिरा फुगून आल्या.

"बास. खाली घ्या हात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "असं किती दिवस आहे?"

"उन्हाळ्यापासनं," बायडाबाई म्हणाल्या.

"मी तुम्हाला मे महिन्यात मशीनच्या तपासणीला बघितलं होतं."

"तवाबी सांगितलं हुतं. तुमी मशीन बगितलं आन् म्हनले, चांगलं हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी सबब सांगितली नाही.

सोनोग्राफी त्याच संध्याकाळी झाली, शिरेत औषध सोडून करायचा स्कॅन दुसऱ्या दिवशी. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी धनश्रीला बोलावून घेतलं आणि कागदाच्या पाठीमागे चित्र काढलं.

"हे मशीन. याच्या दोन तारा शिरेतून हृदयात जातात. हात, मान, डोकं, सगळ्यांचं रक्त शेवटी या एका मोठ्या शिरेतून खाली उतरतं. तारांभोवती त्या शिरेत रक्त साकळलंय. शीर जवळजवळ बुजलीय. रक्त वरच तुंबून राहतं. माणूस वाकला की आणखी तुंबतं. पायांचं रक्त खालच्या शिरेतून येतं, तिकडं अडथळा नाही, म्हणून पाय चांगले."

"आणि त्या छातीवरच्या?"

"मोठा रस्ता बंद झाला, म्हणून रक्तानं आडवाटा धरल्या. त्याच दिसतायत तुम्हाला." त्यांनी चित्रातल्या मोठ्या शिरेवर पेन टेकवलं. "हातातली एखादी शीर बुजते कधीकधी, बऱ्याचदा त्रासही होत नाही. पण एवढी मोठी शीर बुजणं फार क्वचित. म्हणून डोक्यात लवकर येत नाही. पण यायला पाहिजे होतं. मशीन बघितलं, माणूस बघायचा राहिला."

धनश्रीने विचारलं, "मशीन काढावं लागेल?"

"एवढ्यात नाही. ते नसेल तर आजींचं चालणार नाही. आधी रक्त पातळ करायची इंजेक्शनं. त्यानं उतार पडला नाही तर पुण्याला पाठवू, तिथं फुगा घालून शीर उघडतात. बघू."

सात दिवस दोघी दवाखान्यात होत्या. इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, पुन्हा इंजेक्शनं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर केलेली. चौथ्या दिवशी सकाळी चेहऱ्यात पहिल्यांदा फरक दिसला. डोळ्यांच्या कडा मोकळ्या झाल्या आणि बायडाबाई पुन्हा स्वतःसारख्या दिसायला लागल्या. धनश्रीने घरी फोन केला. रामहरीने टेम्पो उभा केला होता आणि गायी सांभाळत होता. "मला धारा जमंनात," तो म्हणाला. "निम्मं दूध देतायत. तू हे रोज करून वर डेअरीवर जात होतीस का?" तिला हसू आलं नाही. "हो," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. धनश्री पलंगाच्या कडेला बसून सासूचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता ती म्हणाली, "आत्याबाई, मला वाटायचं तुम्ही काम टाळताय."

बायडाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मलाबी तसंच वाटाया लागलं हुतं," त्या म्हणाल्या.

धनश्रीचा हात थांबला.

"डाक्टर म्हनतो काय न्हाई. राम म्हनतो सवय लागली. तू म्हनलीस. मग मीबी म्हनलं, आसंल. मनच चोर झालं आसंल आपलं. म्हनून त्या दिशी गेले धार काढाया. म्हनलं बगू तरी, खरं हाय का खोटं."

 धनश्रीने पुन्हा फणी फिरवली. गुंता नव्हता, तरी ती बराच वेळ विंचरत राहिली. बायडाबाईंनी डोळे मिटले आणि बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली.

घरी आल्यावर गोळ्या सुरू झाल्या, रक्त पातळ करायच्या, रोज न चुकता. कुठं कापू नये, पडू नये, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच कळवावं, असं बजावून पाठवलं होतं. महिन्याभराने पुन्हा नगरला जाऊन सोनोग्राफी केली. गुठळी पूर्ण विरघळली नव्हती, पण रक्ताला वाट झाली होती. पुण्याला जायची सध्या गरज नाही, असं डॉक्टर काळोखे म्हणाले. या वेळी त्यांनी मशीनचा कागद बघायच्या आधी पदर बाजूला घ्यायला लावला. डावा हात थोडा जाड राहील, खूप वाकायचं काम पुन्हा जमणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या आठवड्यात रामहरी दोन दिवस घरी होता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "एक गाय काढून टाकू."

धनश्रीने बायडाबाईंकडे बघितलं. गायी त्यांच्या होत्या, त्यांनीच वासरापासून वाढवलेल्या. त्या गोठ्याकडं बघत राहिल्या.

"मोठी काढा," शेवटी म्हणाल्या. "धाकटी गरीब हाय, धनश्रीला तरास न्हाई द्याची."

शनिवारी शेजारच्या गावचा माणूस येऊन मोठीला घेऊन गेला. गाय त्याच्या टेम्पोत चढेना तेव्हा बायडाबाई घरात गेल्या आणि टेम्पोचा आवाज लांब गेल्यावरच बाहेर आल्या.

त्या संध्याकाळी धनश्री डेअरीवरून आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली. सकाळची राहिलेली कामं होती, उद्याची होती, अंगातला शीण अजून तसाच होता. उठायला हवं होतं.

"च्या ठिवू का?" बायडाबाईंनी आतून विचारलं. गॅसचा ओटा उंच होता, त्याला वाकावं लागत नव्हतं.

"ठेवा," धनश्री म्हणाली, आणि उठली नाही.